उशीखालचं पुस्तक

सोमवार, ९ किस्लेव

मुलगा झाला. सकाळी साडेदहाला. जावई नोसेन धापा टाकत जिना चढून सांगायला आला. टोपी मागे सरकलेली, एका बुटाची नाडी सुटलेली. माझ्या बायकोने, हेन्येने, हातातला बटाटा तसाच ठेवला आणि खुर्चीवर बसून रडली. लग्नाला अकरा वर्षं. लेक मिरलला तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा गर्भ टिकला नाही. गल्लीतल्या बायका हेन्येला बघून आपल्या नातवंडांचं कौतुक आवरतं घ्यायच्या, आणि त्यानेच तिला जास्त लागायचं.

म्हणजे पुढच्या सोमवारी आठवा दिवस. सुंता मीच करणार, दुसरं कोण? अडतीस वर्षं मोहेल आहे मी. दोन हजारांवर पोरं या हातांखालून गेली. नोसेनला म्हटलं, सुंतेचं कोणाला आमंत्रण द्यायचं नसतं, नुसती वेळ कळवायची असते, एवढं तरी लक्षात ठेव. तो मान डोलावत राहिला. चांगला आहे, पण मऊ. उकडलेल्या गाजरासारखा.

आता पुस्तक आणायला हवं.

मंगळवार, १० किस्लेव

वाण्याच्या फोनवरून बेने ब्राकला निरोप ठेवला. गेत्सलदादाच्या शेजाऱ्याकडे फोन आहे. एवढंच सांगितलं की मुलगा झालाय, आजोबांचं पुस्तक रविवारी संध्याकाळपर्यंत यरुशलेमला पोचायला हवं, सोमवारी सुंता आहे. ‘हवं’ म्हटलं, ‘पाठव’ नाही म्हटलं. त्याला मी काही मागत नाही. बाबांनीच ठरवून दिलंय की दोन्ही घरांपैकी कुठेही मुलगा झाला की सुंतेच्या आदल्या रात्री पुस्तक त्याच्या उशीखाली गेलं पाहिजे.

बाबांनी जिवंतपणीच केलेली वाटणीही बघा. पुस्तक दादाला, सुरी मला. दादा घड्याळजी! त्याला सुंतेचं काय कळतं? आणि मी मोहेल, तर माझ्या घरात ते पुस्तक नाही. शंभरावर वर्षांपूर्वी गॅलिशियात छापलेलं. छापखाना जळाला तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रती वाचल्या, त्यातली ही एक. सुंतेच्या रीती, सुंतेला एलिया संदेष्ट्यासाठी मांडतात त्या खुर्चीचं रहस्य, राखण करणाऱ्या देवदूतांची नावं, सात दिवस सृष्टीचे आणि आठवा तिच्या पलीकडचा का, हे सगळं त्यात आहे. मागच्या कोऱ्या पानांवर आजोबांनी आणि बाबांनी आपण सुंता केलेल्या प्रत्येक पोराचं नाव लिहिलंय. माझ्या हातचं एकही नाव त्यात नाही, कारण पुस्तक तिथे आणि मी इथे. बाबांनी माझा पाणउतारा करायलाच हे केलं असावं. दुसरं कारण मला एकोणीस वर्षांत सापडलेलं नाही.

गुरुवार, १२ किस्लेव

मिरल इस्पितळातून घरी आली. बाळ हातात घेतलं, खिडकीशी नेलं, कपडे सोडून नीट पाहिलं. बीटाच्या सारासारखा लालबुंद. डोळ्यांचं पांढरं दुधासारखं. दाबून पाहिलं, बोट उचललं की रक्त लगेच धावत येतं. असं पोर दहा वर्षांत एखादं. हेन्ये माझ्या मागे उभी होती. मी काय म्हणतो त्यावर तिचा जीव टांगलेला. मी म्हटलं, सोमवारी सकाळी नऊ वाजता. ती चुलीकडे गेली.

दादाचं उत्तर आलं. वाण्याने सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने सांगितलं, गाढव कुठला. ‘पुस्तक तयार आहे. अनशेलने स्वतः यावं, ते शब्द परत घ्यावेत आणि घेऊन जावं.’

तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात बायका होत्या, त्या कांदे निवडत बसल्या, पण कान सगळ्यांचे इकडे.

रविवार, १५ किस्लेव

परवा शुक्रवारी संध्याकाळी मिरलकडे पोराच्या स्वागताला गल्ली लोटली होती. उकडलेले चणे, मिरपूड, बिअर. ज्याने त्याने एकच विचारलं, पुस्तक आलं का? फार वर्षांनी तुमच्या घरात येणार म्हणे! मी म्हणत होतो, येतंय. दहा जणांना ‘येतंय’ सांगितलं. अकराव्याला सांगताना माझा मलाच राग आला.

दादाकडे दुसरा निरोप पाठवला, पोराचा काय दोष म्हणून. उत्तर तेच.

लिहूनच टाकतो. बाबांच्या सुतकात, सात दिवस जमिनीवर बसलो होतो तेव्हा, शेवटच्या दिवशी मी सगळ्यांदेखत दादाला म्हणालो होतो की माझा रुवेन तू मारलास. अठ्ठेचाळीस साली शहराला वेढा पडला होता. पाणी डब्याने मोजून मिळायचं. रुवेन झाला तेव्हा पुस्तक दादाकडे बेने ब्राकला होतं आणि ते इथे आलं नाही. आठव्या दिवशी मी सुंता केली, उशीखाली पुस्तक नसताना. बाराव्या दिवशी रुवेन गेला. आमच्या घराण्यात पुस्तक उशीखाली असताना एकही पोर गेलेलं नाही. मग मी काय खोटं बोललो?

आज दुपारी तपासायला गेलो. आदल्या दिवशी तपासायचं असतं. बाळाला खिडकीशी नेलं. आभाळ भरलेलं होतं, उजेड नीट नव्हता. नाकाच्या शेंड्याला थोडी झाक वाटली. वाटली. काविळीची शंका आली की थांबायचं असतं, हा नियमच आहे. नोसेनला म्हटलं, पोर पिवळं आहे, उद्या नाही. त्याचा चेहरा उतरला, पण मोहेलच्या शब्दापुढे बोलायची आमच्यात रीत नाही. तो निमूट खाली गेला आणि मासेवाल्याला नको म्हणून सांगून आला.

मिरल म्हणाली, ‘पिवळा कुठे आहे बाबा?’

मी म्हटलं, तुला त्यातलं काय कळतं.

सोमवार, १६ किस्लेव

आठवा दिवस. काही झालं नाही. सुरी धार लावून ठेवली होती, ती परत म्यानात घातली. सकाळच्या प्रार्थनेला लोकांनी विचारलं, मी सांगितलं, पिवळा. सगळ्यांनी माना हलवल्या, देव बरं करो म्हणाले. मोहेलने पिवळा म्हटलं की विषय संपतो.

जेवताना हेन्ये म्हणाली, ‘या वेळी थांबताय.’

एवढंच बोलली आणि ताटं उचलून घेऊन गेली. काय म्हणायचं असतं तिला, तीच जाणे. बायकांना धड बोलायला काय होतं?

मंगळवार, १७ किस्लेव

आमच्या प्रार्थनाघरातला एक जण कामासाठी बेने ब्राकला जाणार होता. त्याला म्हटलं, गेत्सलला समजाव. तो परत येऊन म्हणाला, तुझा भाऊ म्हणतो की पुस्तक मी कापडात गुंडाळून टेबलावर ठेवलंय, दार उघडं आहे, बसने दोन तास लागतात.

दार उघडं आहे म्हणे! मोठा उदार. मी जाऊन त्याच्यापुढे नाक घासू? त्रेसष्ट वर्षांचा आहे मी. आणखी एक-दोन दिवसांत तोच नरमेल. शेवटी पोरावर कोणी राग काढत नाही. दोन दिवसांनी काही बिघडत नाही, तोवर मी पोराला पिवळा म्हणेन.

वर लिहिलेलं वाचलं. म्हणजे तो पिवळा नाही असं नाही. झाक आहे.

बुधवार, १८ किस्लेव

आज मिरलने बाळ माझ्या हातात दिलंच नाही. स्वतः खिडकीशी उभी राहिली, ऊन चांगलं पडलं होतं, आणि त्याला माझ्याकडे वळवून धरलं. मी दोन पावलांवरूनच पाहिलं. बघायला काय लागतं, अडतीस वर्षं बघतोय. म्हटलं, अजून आहे.

नोसेनने चाचरत विचारलं, ‘उद्या तरी?’ मी म्हटलं, पुढे ढकललेली सुंता गुरुवारी-शुक्रवारी करत नाहीत, तिसरा दिवस दुखण्याचा असतो, तो शनिवारच्या शब्बाथला लागून येतो. हे खरंच आहे, असं मानणारे आहेत. रविवारी करू. जावईबापू म्हणाले, ‘दुसऱ्या कोणाला एकदा दाखवलं तर?’ मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो लगेच चहा आणायला गेला. दुसऱ्या कोणाला म्हणजे त्या योयलला. तीस वर्षांचा पोरगा, कालपरवा सुरी धरायला शिकला आणि मोटारीतून सुंता करत फिरतो.

हेन्ये जिन्यात म्हणाली, ‘बेने ब्राकला जा. काय म्हणायचंय ते म्हणून टाका. शब्दच आहेत.’

उद्या जातो. दादासाठी नाही, त्या पोरासाठी. पुस्तकाशिवाय मी त्याला सुरी लावणार नाही. एकदा लावली होती, पुरे झालं.

शुक्रवार, २० किस्लेव

सगळं क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

काल सकाळी सातच्या बसने गेलो. दादाचं दुकान खोलीएवढंच, भिंतीवर चाळीस घड्याळं आणि चाळिसांची वेळ वेगळी. तो डोळ्याला भिंग लावून एका बाईचं मनगटी घड्याळ उघडून बसला होता. ‘बस,’ म्हणाला आणि ते पुरं होईपर्यंत मान वर केली नाही. अर्धा तास. मी बसलो. पुस्तक तिथेच टेबलावर, बाबांच्या जुन्या प्रार्थनाशालीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. हात लांब केला असता तर मिळालं असतं.

मग त्याने घड्याळ मिटलं आणि म्हणाला, ‘बोल.’

मी म्हटलं, ‘दादा, रुवेन तुझ्यामुळे गेला नाही.’

त्याने भिंग काढलं नव्हतं. तो एक डोळा मोठा होऊन माझ्याकडे बघत होता.

‘मग कोणामुळे गेला?’

मी म्हटलं, देवाची इच्छा. तो माझ्या तोंडून आणखी काहीतरी यायची वाट बघत असावा. मला काय माहीत त्याला काय हवं होतं! मागितलेले शब्द मी दिले होते. शेवटी त्याने भिंग काढून ठेवलं आणि पुस्तक माझ्याकडे सरकवलं. म्हणाला, रस्ता बंद होता अनशेल, तुलाही माहीत होतं, त्या महिन्यात तिकडे पाखरूसुद्धा जात नव्हतं. मी म्हटलं, हो, माहीत होतं. मग म्हणाला, ‘मी हे कधी उघडलं नाही. मला त्यातलं काय कळणार? बाबा म्हणायचे, वाचायच्या निमित्ताने तरी अनशेल वर्षातून एकदा तुझ्याकडे येईल. म्हणून ठेवलं त्यांनी माझ्याकडे.’ त्याच्या बायकोने जेवून जा म्हटलं. मला घाई होती.

बसमध्ये पुस्तक छातीशी धरून बसलो. मन हलकं झालं होतं, खोटं कशाला सांगू. मनात सगळी मांडणी झाली होती. शनिवारी रात्री पुस्तक उशीखाली, रविवारी सकाळी सुंता, नाव बाबांचं, श्रागा. मग मागच्या पानावर बाबांच्या शेवटच्या नोंदीखाली मी लिहिणार, श्रागा बेन नोसेन, आजोबा अनशेलच्या हातून.

चार वाजता मिरलच्या जिन्यात पाय ठेवला आणि खारवलेल्या माशाचा वास आला. गुरुवारी, आणि तोही इतका. वर दार सताड उघडं. टेबलावर केकचे तुकडे, दारूचे छोटे पेले, सांडलेलं मीठ. एलियाची मोठी खुर्ची भिंतीशी, तिच्यावर पांढरी उशी. खिडकीत कापलेली कातडी पुरायची वाळूची वाटी. मी उंबऱ्यात उभा राहिलो आणि सगळं समजलं, तरी मूर्खासारखं विचारलं, कोण आलं होतं?

नोसेन भिंतीला चिकटून उभा होता. म्हणाला, रेब योयलना दाखवलं. ते म्हणाले हे पोर एक दिवसही पिवळं नव्हतं. निरोगी पोराची सुंता एक तास जरी विनाकारण लांबवली तरी पाप लागतं, आता गुरुवार-बिरुवार काही नाही, लगेच. बारा वाजता झाली. तो बोलताना रडत होता. माझी त्याला भीती वाटत होती की कीव येत होती, कळलं नाही.

हेन्ये तिथेच होती, बाळाचे कपडे घडी करत. म्हणजे सकाळी मला डबा बांधून देताना तिला माहीत होतं.

आतल्या खोलीत गेलो. मिरल पलंगावर, पोर कुशीत झोपलेलं. मी कापड सोडून पुस्तक पुढे केलं. म्हटलं, जे झालं ते झालं, हे निदान आता त्याच्या डोक्याखाली ठेव.

तिने हात आडवा धरला.

‘नको बाबा.’

‘अगं, तुझ्या आजोबांचं आहे. त्याला राखेल हे.’

‘मी अकरा वर्षांची होते,’ ती म्हणाली. ‘रुवेनला मी मांडीवर घेऊन बसायचे. पिवळं पोर कसं दिसतं ते मला चांगलं ठाऊक आहे. आई तुम्हाला सांगत होती, मी दाराआडून ऐकत होते. हा पिवळा नव्हता.’

आवाज चढवला नाही तिने. पोर उठेल म्हणून हळूच बोलत होती. मी पुस्तक परत गुंडाळलं. कापडाचं टोक नीट खोचलं जाईना.

आज बारावा दिवस. सकाळी हेन्येने परस्पर जाऊन पाहिलं. पोर ठणठणीत आहे, अंगावर पितं, म्हणाली.

शुक्रवारीच, शब्बाथच्या आधी

आज बेकरीवाल्याने अभिनंदन केलं. म्हणाला, एल्याकीम, छान नाव ठेवलंत. नोसेनच्या आजोबांचं नाव. मी म्हटलं, हो, छान आहे. दोन पाव घेतले आणि आलो.

शब्बाथसाठी नखं कापली. अंगठ्यांची नखं मोहेल कापत नाही, लांब आणि धारदार ठेवतो, सुरीनंतर आतली कातडी त्यांनीच फाडायची असते. अडतीस वर्षं ठेवली होती. आज तीही कापली. आता मला कोण बोलावणार? योयलने तोंड उघडायची गरजच नाही, एवढे लोक केक खाऊन गेलेत. कापलेले तुकडे कागदात गुंडाळून चुलीत टाकले. हातांकडे बघवेना, दुसऱ्याच कोणाचे वाटत होते.

रविवार, २२ किस्लेव

प्रार्थनाघरात माझ्या बाकावरचे दोघे पलीकडे सरकून बसले. मला काही फरक पडत नाही. जागा ऐसपैस झाली.

पुस्तक दादाला परत करायला हवं. अजून कपाटावर आहे.

बुधवार, २५ किस्लेव

काल दिव्यांच्या सणाची पहिली ज्योत लावली. मिरलकडून बोलावणं आलं नाही. हेन्ये जाऊन आली. दोन तेलकट वडे कागदात बांधून आणले, माझ्यासाठी दिलेत की हिनेच उचलले, विचारलं नाही.

आज दुपारी ती बाजारात गेल्यावर पुस्तक काढलं. मोहेल घराण्यातला त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आणि हे पुस्तक आयुष्यात पहिल्यांदा एकटा उघडत होतो. बाबा सुंतेच्या आदल्या संध्याकाळी, जागराला, सुरुवातीचं पान वाचायचे, देवदूतांच्या नावांचं वर्तुळ असलेलं, आणि मिटून उशीखाली ठेवायचे. ते पान बोटं लागून काळं झालंय. मागची कोरी पानंही तशीच, नावांनी भरलेली. पण मधली? मधल्या पानांच्या वरच्या घड्या जशा छापखान्यातून आल्या तशाच. न कापलेल्या. आजोबांनी नाही, बाबांनी नाही, दादाने तर नाहीच. शंभर वर्षं आम्ही हे पोरांच्या डोक्याखाली ठेवत आलो आणि कोणी आत बघितलं नाही.

घरात कागद कापायचं काही नव्हतं. सुरी आणली. दोन्ही बाजूंनी धार असलेली, आता तिला दुसरं काम नाही. एकेक घडी हळूहळू कापली. कागद जाड होता, कापताना पांढरी धूळ पडत होती.

तिसऱ्या घडीत होतं. ‘पिवळ्या पोराविषयी.’ अर्धंच पान. लिहिलंय की आठव्या दिवसाचं रहस्य मोठं, पण ते जिवंत पोरावरच उतरतं, मेलेल्यावर नाही. पोर पिवळं असेल तर महिनाभर थांब, आकाश कोसळणार नाही. आणि शंका असेल तर आपल्या डोळ्यांवर जाऊ नकोस, कारण मोहेलच्या डोळ्यांत मान-अपमान असतो. आईला विचार. ती पिवळं म्हणाली तर सुरी म्यानात घाल, ती नाही म्हणाली तर थांबू नकोस.

दोनदा वाचलं. मग तिसऱ्यांदा.

हेन्ये परत आली. पिशवी खाली ठेवली, टेबलावरची सुरी बघितली, कापलेली पानं बघितली.

‘काय लिहिलंय हो त्यात?’

मी म्हटलं, ‘देवदूतांची नावं.’

ती म्हणाली, ‘एवढीच?’ आणि बटाटे धुवायला गेली.

ती नळाखाली आहे तोवर लिहितो. रुवेनच्या वेळी ती म्हणाली होती, अहो, हा पिवळा आहे, थोडं थांबू या. दोनदा म्हणाली. बाहेर सुंतेसाठी दहा माणसं येऊन उभी होती, वेढ्यातून, गोळ्या चुकवत आली होती, आणि मोहेलच्या स्वतःच्या पोराची सुंता बायकोच्या सांगण्यावरून लांबली असं कोणी म्हणायला नको होतं मला. मी रुवेनला खिडकीशी नेलं. ऊन चांगलं होतं. पिवळा होता. मला दिसलं होतं.